पोलंडचं हेक्टरी अनुदान : जमिनीला चोख, गोठ्याला कोरडं

1 मे 2004 ला पोलंड युरोपीय संघात गेला आणि तिथल्या शेतकऱ्याला हेक्टरी अनुदान सुरू झालं. पहिल्या दहा वर्षांचा हिशेब बघितला तर योजना सुटसुटीत, पण लहान शेतकऱ्याला अपुरी.

अर्ज वर्षातून एकदाच. किमान एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर जमीन हवी. 0.1 हेक्टरहून, म्हणजे आपल्या दहा गुंठ्यांहून लहान तुकडा धरत नाहीत. दक्षिणेत मावोपोल्स्का प्रांताकडे वाटण्या होत होत शेतांच्या नुसत्या पट्ट्या उरल्यात. तिथे ही अट बोचते. आणखी एक मेख होती: 30 जून 2003 ला जमीन वहितीलायक असायला हवी. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत पडीक रान नंतर नांगरून काही मिळत नव्हतं.

लोक अडकतात ते मोजणीत. बांध, ओढा, अंगण धरून कागदावरचा आकडा लिहायचा, आणि तपासणी हवाई फोटोवरून. फरक 3 टक्क्यांवर गेला की त्या काळात फरकाच्या दुप्पट क्षेत्र कापायचे. 11 हेक्टर लिहिले आणि 10 भरले, तर पैसे 8 चेच मिळायचे! उशीर झाला तर कामाच्या दर दिवसाला 1 टक्का कपात; 25 दिवस उलटले की अर्ज बाद.

रक्कम 2004 ला जुन्या सभासद देशांच्या 25 टक्के, मग 30, 35, 40 असं करत 2013 ला पूर्ण. देशाच्या तिजोरीतून भर घालायला मुभा होती, पण पोलंडने ती ठरावीक पिकांनाच दिली. बाजार मात्र पहिल्या दिवसापासून एकच, आणि त्यात शेजारचा जर्मन शेतकरी पूर्ण अनुदान घेऊन उतरलेला.

गोठ्यात ही योजना उपयोगाची नाही. युरोपीय संघाच्या नियमाने दुधात मिलिलिटरमागे जिवाणू 1 लाखाच्या आत आणि सोमॅटिक पेशी, म्हणजे गाईच्या शरीरातून दुधात उतरणाऱ्या पेशी, 4 लाखांच्या आत हव्यात. धार काढल्यावर दूध लगेच 8 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करायचं. संकलन रोजचं नसेल तर 6. कूलरने जिवाणू आवरतात, पेशी नाही. त्या कासदाहाने वाढतात. त्यासाठी सडांची स्वच्छता आणि दुखऱ्या गाईची धार वेगळी काढणं, असे उपाय लागतात. कूलरला मदत वेगळ्या योजनेतून, तीही आधी स्वतः खर्च केल्यावर आणि काही हिश्श्याचीच. तीन गाईंच्या दुधावर तो खर्च निघत नाही, आणि हेक्टरी अनुदान गाई मोजत नाही.