खिशात ठेवायचा चाकू: ओपिनेल, स्विस की बाजारातलाच बरा?

रोज खिशात राहील असा घडीचा चाकू घ्यायचा असेल तर फोटो पाहून ठरवू नका भाऊ, दिवसभरात आपण कापतो काय ते आधी पाहा. शेतात जाणाऱ्या माणसाचं पाहिलं तर युरियाच्या पोत्याची शिवण, सुतळी, ठिबकची १६ एमएमची नळी, बैलाचा कासरा गुंतला तर तो, कपाशीत गुलाबी बोंडअळी आहे का हे पाहायला हिरवी बोंडं चिरणं, संत्र्याची वाळलेली काडी, स्टार्टरची वायर सोलणं, अन् दुपारी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून कांदा-भेदरं (टोमॅटो). यातल्या एकाही कामाला वीतभर पातं लागत नाही. सात ते साडेआठ सेंटीमीटरचं पातं, सरळ धार, घामाच्या हातात न सटकणारी मूठ, बस. अर्धी धार दातेरी असलेले चाकू दिसायला लय भारी वाटतात पण ते दाते घरच्या दगडावर पाजवता येत नाहीत, म्हणून ते सोडूनच द्या.

माझ्या मते खरा सामना दोघांचाच आहे, फ्रान्सचा ओपिनेल नंबर ८ अन् स्वित्झर्लंडचा व्हिक्टोरिनॉक्स. दोन्ही ऑनलाइन मिळतात, दोन्ही हजाराच्या वर जातात. बाकीच्यांचं पुढे सांगतो.

ओपिनेल म्हणजे फ्रान्सच्या साव्हॉय भागात १८९० पासून बनणारा, तिथल्या शेतकऱ्यांसाठीच निघालेला चाकू. बीच लाकडाची गोल मूठ, एक पातं, एक खिळा अन् १९५५ पासून वर एक फिरणारी लोखंडी रिंग, संपलं. नंबर ८ चं पातं साडेआठ सेंटीमीटर अन् वजन ५० ग्रॅमच्या आतच, म्हणजे सदऱ्याच्या खिशात टाकला तरी खिसा लोंबत नाही. पातं पातळ आहे आणि हाच त्याचा खरा गुण आहे, कांदा, फळ, बोंड, नळी यातून तो असा सरकतो की जाड पात्याचा कोणताच चाकू त्याच्याजवळ येत नाही. पण पातळ आहे म्हणूनच त्याने पत्र्याचा डबा उघडायला जाल, दगडात खुपसाल, पहारीसारखा वापराल तर टोक गेलंच समजा.

व्हिक्टोरिनॉक्सचं काम वेगळं आहे. कार्ल एल्सनर नावाच्या कारागिराने १८८४ मध्ये इबाख गावात कारखाना काढला, १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू दिले अन् १८९७ मध्ये तो प्रसिद्ध ऑफिसरचा चाकू आला. आपल्या कामाची मॉडेलं दोन. एक स्पार्टन, ९१ एमएम, लाल प्लास्टिकची मूठ, मोठं पातं, छोटं पातं, डबा उघडायचं, पेचकस, वायर सोलायची खाच, भोक पाडायचं टोचं, बाजूला चिमटा अन् दात कोरायची काडी. दुसरं फार्मर, नावच फार्मर आहे, ९३ एमएम, अॅल्युमिनियमची खरखरीत मूठ, एकच पण थोडं दणकट पातं, टोचं, पेचकस, आणि एक करवत. ही करवत लहान दिसते पण अंगठ्याएवढी ओली फांदी ती सफाईने कापते, संत्र्याच्या झाडावरची सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, काढायला वेगळी आरी आणायची गरज पडत नाही. पण फार्मरमध्ये चिमटा नाही. ज्यांच्या धुऱ्यावर बाभळी अन् बोरी आहेत त्यांनी हे मनावर घ्या, काऊन की पायात काटा मोडला की त्या चिमट्याची किंमत कळते, करवतीने काटा निघत नाही. करवत की चिमटा हे तुमचं शेत पाहून तुम्हीच ठरवा.

आता लोखंडाचं बोलू, इथे जरा थांबतो कारण इथेच लोकं सगळ्यात जास्त चुकीचं ऐकतात. ओपिनेल दोन प्रकारच्या पोलादात येतो, पात्यावरच कोरलेलं असतं, इनॉक्स म्हणजे स्टेनलेस अन् कार्बोन म्हणजे कार्बन स्टील. मोबाईलवर सगळे सांगतात कार्बन घ्या, धार भारी बसते, लवकर पाजवता येतो. खरं आहे ते. पण जो माणूस सांगतो तो वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागेत राहत नाही. संत्र्या-लिंबाच्या रसाने कार्बनचं पातं पाहता पाहता काळं पडतं, भेदऱ्यानेही पडतं, पावसाळ्यात ओल्या खिशात रात्रभर राहिला तर सकाळी गंज दिसतो, खताची पोती फाडून तसाच घडी केला तर युरिया ओल ओढतो अन् खिळ्याजवळ गंज धरतो जिथे कापड पोचत नाही. आणि बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद अन् चुन्याचं बुरशीवरचं औषध, ते तर विचारूच नका. मोरचुदातलं तांबं लोखंडावर चढतं अन् लोखंड विरघळतं, म्हणून तर बोर्डो लोखंडी भांड्यात करत नाहीत, अन् म्हणूनच मिश्रण जमलं का हे पाहायला त्यात विळा किंवा खिळा बुडवतात, लालसर तांबं चढलं तर चुना कमी आहे. त्या परीक्षेला खिळाच वापरा, चाकू नको.

म्हणून विदर्भात, संत्रा असो की कापूस, माझं मत स्टेनलेसलाच आहे. ओपिनेलच्या इनॉक्सचं पोलाद बारीक कणाचं आहे, धार छान घेतं, कार्बनपेक्षा थोडी मेहनत जास्त लागते एवढंच. व्हिक्टोरिनॉक्सचं पोलाद त्याहून थोडं मऊ, कडकपणाच्या रॉकवेल मापात ५६ च्या आसपास, म्हणजे धार लवकर उतरते पण पाच मिनिटांत परत येते आणि पातं तुटण्यापेक्षा वाकतं. शेतातल्या माणसाला हे सोयीचंच आहे. कार्बन घ्यायचाच असेल तर घरातल्या फळं-भाजीसाठी घ्या, वापरला की पुसा, खोबरेल तेलाचं बोट फिरवा.

धारेवरून आठवलं, चाकू फिरत्या चाकावर धार लावणाऱ्याकडे देऊ नका. विळा, सत्तूर, पावशी यांचं लोखंड जाड असतं, ते सहन करतं, पण हे पातळ पातं चाकावर तापून निळं पडलं की त्याचं पाणी, म्हणजे तापवून दिलेला कडकपणा, उतरलं, मग कितीही घासा, धार टिकत नाही. हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड मिळतो, एक बाजू खरखरीत एक बारीक, तो पाण्यात भिजवून पातं दगडाला १५ ते २० अंशात टेकवून दोन्ही बाजूंनी सारखं ओढायचं, शेवटी चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर उलट्या दिशेने थोडं फिरवायचं.

लॉकचा मुद्दा याच्याइतकाच मोठा आहे, बोटांचा प्रश्न आहे. व्हिक्टोरिनॉक्सच्या या दोन्ही मॉडेलांत लॉक नाही, पातं मागच्या स्प्रिंगने फक्त दाबून धरलेलं असतं, त्यामुळे ओढून कापायला काही भीती नाही पण टोक खुपसलं किंवा पात्याच्या पाठीवर जोर आला तर ते सरळ बोटांवर मिटतं. ओपिनेलची रिंग फिरवली की पातं पक्कं होतं, पण ती फिरवायची आठवण आपणच ठेवायची असते, आपोआप लागत नाही. घरात लहान लेकरं असतील तर नव्या ओपिनेलचा आणखी एक फायदा, मिटलेल्या चाकूलाही रिंग लावता येते, लेकराच्या हातात पडला तरी सहज उघडत नाही. पोत्यात, प्लास्टिकच्या डब्यात टोक खुपसायची सवय असणाऱ्याने स्विस घेऊच नये, ओपिनेलच घ्यावा.

पण पावसाळ्यात ओपिनेल त्रास देतो हेही सांगितलं पाहिजे. लाकूड पाणी पितं, फुगतं, अन् पातं खाचेत असं अडकतं की नखाने निघत नाही. त्याला तिकडच्याच लोकांची युक्ती आहे, रिंग मोकळी करून मुठीचं मागचं टोक लाकडावर ठोकायचं, पातं थोडं बाहेर येतं. अन् मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर गेला की तेच लाकूड आकसतं. यावर उपाय आपल्या घरातच आहे, जवसाचं तेल. नव्या चाकूची मूठ, खास करून खाचेच्या आतून, जवसाच्या तेलाने चोळायची, जास्तीचं पुसून घ्यायचं, काही दिवस वाळू द्यायचं, असं दोन-तीनदा केलं की लाकूड पाणी कमी ओढतं. फक्त एक ध्यानात ठेवा, तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका, जवसाचं तेल वाळताना गरम होतं अन् गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते, घरात कापूस भरलेला असेल तर धोका आणखीच. चिंधी मोकळी पसरून बाहेर वाळवा. स्विसला हा त्रास नाही, काळी माती भरली तर कोमट पाण्यात उघडझाप करायची, वाळवायचं, सांध्यात एक थेंब तेल.

आठवडी बाजारातला शंभर-दोनशेचा चाकू वाईट असतो असं नाही. लोहाराने चांगल्या पट्टीचा केलेला असेल तर धार मस्त घेतो आणि हरवला तर जीव हळहळत नाही. पण एकाला पाणी बरोबर दिलेलं असतं, दुसऱ्याला नसतं, अन् ते बाहेरून कळत नाही, त्यात खिळा लवकर ढिला होतो. ज्याचे चाकू धुऱ्यावरच राहून जातात त्याने हाच घ्यावा, खरंच.

चायनीजमध्ये गांझोसारखे काही चाकू प्रामाणिक आहेत, ४४० सी नावाचं स्टेनलेस पोलाद, एका हाताने उघडतात, खिशाला अडकवायची क्लिप असते. एका हातात दावं धरलेलं असताना दुसऱ्या हाताने चाकू उघडता येणं ही मोठी सोय आहे अन् इथे ओपिनेल, स्विस दोन्ही मागे पडतात. पण यात्रेत अन् ऑनलाइन मोठ्या अमेरिकन कंपन्यांची नावं कोरलेले जे जड, काळे, कवटीचे चित्र असलेले चाकू मिळतात ते नकली असतात, त्यातलं लायनर लॉक, म्हणजे आतली पत्र्याची पट्टी जी पात्याखाली येऊन बसते, ती सटकते. डी २ नावाच्या कडक पोलादाचे चाकू धार लय दिवस टिकवतात पण एकदा बोथट झाले की घरच्या साध्या दगडावर जीव खातात.

कलमं बांधणाऱ्यांचं मात्र वेगळं आहे. शेंदूरजनाघाटकडे जंबेरी लिंबाच्या खुंटावर डोळा भरणारे लोक जो चाकू वापरतात त्याला बहुतेक एकाच बाजूने धार असते अन् साल उचलायला वेगळी चपटी जीभ असते. तो चाकू दुसऱ्या कुठल्याच कामाला लावायचा नाही, पोतं तर मुळीच नाही. आणि डिंक्या रोग लागलेली साल खरवडायला जुना चाकू ठेवा, तो कलमाच्या चाकूत मिसळू नका, काही रोग अवजारावरूनच एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून घेत असाल तर नंतर साध्या पाण्याने धुवा, ब्लीचिंग स्टेनलेसलाही खातं.

पावसाळ्यात एक गोष्ट अजूनही कानावर येते म्हणून सांगतोच: साप चावला तर चाकूने जखम चिरायची नाही. कोणत्याच चाकूने नाही. माणूस लगेच दवाखान्यात न्या.

कायद्याचं थोडक्यात. आर्म्स रूल्समध्ये नऊ इंचापेक्षा लांब किंवा दोन इंचापेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, घरगुती अन् शेतीच्या अवजारांना त्यातून वगळलंय, त्यामुळे आपला साडेआठ सेंटीमीटरचा चाकू त्यात येत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीत जिल्ह्यात मनाई आदेश लागतो, त्यात चाकू, काठ्या सगळंच येतं. तेव्हा तालुक्याला, सभेला, मिरवणुकीत जाताना चाकू घरी ठेवून जा. कोर्टात अन् कलेक्टर ऑफिसला कधीच नेऊ नका, नागपूरहून विमानाने जायचं असेल तर चेक-इनच्या बॅगेत. अन् बटन दाबून उघडणारा चाकू घेऊच नका, त्याचा शेतात काही उपयोग नाही आणि पोलिसांना तो शेतीचा आहे हे पटवता येणार नाही.

तर मी कोणाला काय सांगतो? शेती अन् खाणं हेच मुख्य काम असेल तर ओपिनेल नंबर ८ इनॉक्स, डोळे झाकून. मोटर, स्टार्टर, गाडी, फवारणी पंप यांच्या मागे असणाऱ्याला स्विस, संत्रावाल्याला त्यातला फार्मर अन् काटेरी धुऱ्यावाल्याला स्पार्टन. एकाच हाताने काम करायची वेळ वारंवार येते त्याला गांझो. दोन घ्यायची ऐपत असेल तर ओपिनेल अन् स्पार्टन ही जोडी, त्याच्यापुढे काही लागत नाही.

हातात आला की लगेच पाहून घ्या: पातं उघडून डावी-उजवीकडे हलवा, लटलट नको. मिटल्यावर टोक बाहेर दिसायला नको. लॉक असेल तर ते लावून, बोटं बाजूला ठेवून, पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हळूच दाबा, सरकलं तर परत करा. ओपिनेलवर मुकुट घातलेल्या हाताचं चिन्ह अन् पोलादाचं नाव स्पष्ट कोरलेलं पाहिजे, स्विसच्या मोठ्या पात्याच्या बुडाशी व्हिक्टोरिनॉक्स हे नाव. परत करायची मुदत संपायच्या आत एक सुतळी, एक कांदा अन् एक कागद कापून पाहा.