गरुडमुखी ॲझ्टेक बासरी (प्रतिकृती): वाजवून दिलेला अभिप्राय

मी नाशिकला पंचवटीत मुलांना बासरी शिकवतो. मेक्सिकोतल्या एका कुंभाराने जुन्या ॲझ्टेक (स्पॅनिश येण्याआधी तिथे राज्य करणाऱ्या लोकांच्या) बासरीवरून घडवलेली ही प्रतिकृती ऑनलाइन मागवली. कस्टम ड्युटी धरून साडेसहा हजारांना पडली.

वीतभर लांबी, चार भोकं, फुंकायला शिट्टीसारखं तोंड आणि दुसऱ्या टोकाला गरुडाचं डोकं. मानेवरचं एकेक पीस ओल्या मातीत काडीने ओढलेलं आहे. बोट फिरवलं की कडा लागतात. ॲझ्टेकांचा गरुड म्हणजे सूर्याचा पक्षी. रणात नाव काढणाऱ्यांनाही ते गरुड-योद्धे म्हणत.

पहिल्याच फुंकेला सूर येतो, ओठांची कसरत नाही. पण जोर केला की लगेच चढतो, त्यामुळे सगळा रियाझ फुंक सांभाळण्याचा. सरळ क्रमाने बोटं उचलली तर पाच सूर मिळतात. अर्धं भोक उघडून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, सुरेख निघते आणि टोकाचं तोंड तळव्याने अर्धवट झाकलं की सूर खाली सरकतो. आवाज बांबूपेक्षा जाड, भरीव. मला तो फार आवडला.

तंबोऱ्याबरोबर मात्र जमत नाही. माझी हार्मोनियमच्या काळी चार आणि काळी पाच या पट्ट्यांच्या अधेमधे लागते. माती भाजताना आकसते, सूर भट्टीतच ठरतो. साथसंगतीसाठी घेऊ नका.

ॲझ्टेकांच्या तोश्कात्ल या सणासाठी एका तरुणाला तेझ्कात्लिपोका देव मानून वर्षभर सांभाळत, बासरी शिकवत. शेवटी बळी जाण्यासाठी देवळाच्या पायऱ्या चढताना तो आपल्या बासऱ्या एकेक करून फोडत जाई. 16व्या शतकात बेर्नार्दिनो दे साहागून या स्पॅनिश धर्मगुरूंनी हे लिहून ठेवलंय. शिकवणारा म्हणून मला त्या वर्षभराच्या तालमीचाच विचार छळतो.

एक तक्रार आहे. विक्रेत्याने वर्णनात ‘प्राचीन’ लिहिलंय, ते काढायला हवं. मेक्सिकोच्या 1972च्या कायद्याने अशा पुरातन वस्तू राष्ट्राच्या मालकीच्या आहेत, त्या विकायला बाहेर नेता येत नाहीत. नवी वस्तू नवी म्हणूनच विका. घडवणाऱ्या कुंभाराचं नावही द्या, ते कुठेच नाही.

चार तारे. पाचवा त्या नावासाठी राखून ठेवलाय. घेतलीत तर वाजवाच. मातीला झिलई नाही, वाफेने फुंकणीची फट ओली झाली की आवाज बसतो. तेव्हा थांबा, सावलीत वाळू द्या, मग पुन्हा घ्या.