बोटीच्या ट्रेलरला साधा बॉल हुक की वजन विभागणारा हिच?

बोट घेतली, ट्रेलर करून घेतला, आता तो गाडीला जोडायचा कशाने, इथे येऊन बरेच जण अडतात. हतनूर धरणाच्या पाण्यातली बोट उकाई धरणाच्या बॅकवॉटरला न्यायची तर भुसावळ, जळगाव, पारोळा, धुळे, साक्री करत नवापूरपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ५३ ने दोनशे किलोमीटरच्या वर ओढायचं, वर वाटेत कोंडाईबारीचा घाट. एवढ्या प्रवासाला साधा बॉल हुक पुरेल, की परदेशी व्हिडिओंत दिसतो तसला दोन लांब स्प्रिंग बारांचा, वजन विभागणारा हिच (म्हणजे ट्रेलर जोडायची जोडणी) मागवावा? माझं मत आधीच सांगून टाकतो: आपल्याकडे दिसतात त्या बहुतेक बोटींना साधा हुकच बरा. मात्र त्याला काही अटी आहेत, आणि त्या पाळता येत नसतील तिथे दुसऱ्या पर्यायाचा विचार करायलाच हवा.

दोघांचं काम आणि थोडा हिशेब

साध्या हुकात गाडीच्या मागे एक बॉल असतो, त्यावर ट्रेलरचा कपलर, म्हणजे त्याच्या पुढच्या दांडीच्या टोकाची वाटी, बसतो आणि दांडीचं सगळं वजन त्या टोकावर येतं. बॉल मागच्या चाकांच्याही मागे असल्यामुळे गाडी मागून बसते आणि पुढून उचलते. वजन विभागणाऱ्या हिचमध्ये बॉलच्या खालून दोन पोलादी बार निघतात, ट्रेलरच्या दांडीला समांतर मागे जातात आणि साखळीने किंवा ब्रॅकेटने वर ताणून अडकवले जातात. त्या ताणामुळे पुढच्या चाकांवर वजन परत येतं आणि थोडं ट्रेलरच्या चाकांकडेही जातं. वजन वाटलं जातं, कमी होत नाही. उलट हिचचं स्वतःचं तीस-चाळीस किलो त्यात वाढतं.

आता आकडे घालून बघू. स्कॉर्पिओसारख्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर साधारण २.७ मीटर असतं. बॉल मागच्या ॲक्सलपासून १.१ मीटर मागे धरू. पंधरा-सोळा फुटांची फायबरची बोट, ४० हॉर्सपॉवरचं इंजिन आणि ट्रेलर मिळून ९०० किलो, आणि दांडीवर ७० किलो. ७० गुणिले १.१ भागिले २.७, म्हणजे पुढची चाकं सुमारे २९ किलोंनी हलकी होतात. पुढच्या ॲक्सलवर एरवी नऊशे-हजार किलो असतात. त्यातले २९ गेले तर स्टिअरिंगला कळत नाही आणि ब्रेकलाही कळत नाही.

बावीस फुटांची, दोन इंजिनांची बोट घेतली की चित्र बदलतं. एकूण २,००० किलो आणि दांडीवर १८० धरले तर पुढून ७३ किलो जातात आणि मागच्या ॲक्सलवर २५३ वाढतात. गाडी डोळ्यांना बसलेली दिसते, रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात, स्टिअरिंग पोकळ लागतं. वजन विभागणारा हिच आहे तो अशा वेळेसाठी. पण त्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडा. कंपनीने ओढायची मर्यादा दिलेली असेल तर ती कुठल्याही हिचने वाढत नाही, आणि दिलेलीच नसेल तर दोन टन मागे लावण्याचा विचार सोडलेला बरा.

आणखी एक अडचण. या हिचचे सर्रास मिळणारे संच अमेरिकी मापाचे असतात आणि त्यांतला हलका म्हणून विकला जाणारा संचही बहुधा ६०० पौंड, म्हणजे सुमारे २७० किलो दांडीभाराचा असतो. ७० किलोंच्या दांडीला तो लावला तर बार वाकतच नाहीत. प्रत्येक खड्ड्याचा दणका सरळ चेसिसला आणि ट्रेलरच्या वेल्डिंगला बसतो. फॅब्रिकेशनवाला ‘मोठाच बसवून टाकू ना भो, टेन्शन नाही’ म्हणाला तर त्याला एवढं नक्की सांगा.

बोटीचं खरं दुखणं

चाकांवरच्या घरासारखे जे ट्रेलर असतात त्यांच्या दांडीवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार ठेवतात. बोटीच्या ट्रेलरला ५ ते १० टक्के पुरतो. म्हणजे मुळातच बोटीची दांडी हलकी असते, आणि त्यात इंजिन लटकतं अगदी मागच्या फळीवर. ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन सत्तर-पंच्याहत्तर किलोंचं. पेट्रोलची टाकीही बहुतेकदा मागेच. बैलगाडी मागून जास्त भरली की उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उठतं, तसाच हा ट्रेलर. फरक इतकाच, की साठ-सत्तरच्या वेगात तो उठत नाही, शेपटी हलवायला लागतो. एकदा डोलायला लागला की प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा.

बोट डोलते म्हणून वजन विभागणारा हिच घ्यायचा, ही चूक बरेच जण करतात. डोलण्याचं कारण दांडी हलकी असणं हे असेल तर तो हिच ते कारण काढत नाही. बार जास्त ताणले तर मागच्या चाकांवरचंच वजन उतरतं आणि ओल्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग सुटायची भीती वाढते. काही संचांत डोलणं रोखणारी घर्षणाची पट्टी येते, ती कामाची आहे. पण ती मलम झाली. आधी विंचचा (बोट ट्रेलरवर ओढून घ्यायच्या रहाटाचा) खांब पुढे सरकवून बोट पुढे घ्या, किंवा यू-बोल्ट ढिले करून ॲक्सल थोडा मागे न्या. या दोन्ही कामांना एखादी दुपार आणि नट सोडायचे दोन पाने लागतात, आयात शुल्क लागत नाही.

दांडीवर किती वजन आहे ते अंदाजाने सांगू नका, मोजा. जिनिंगचा किंवा साखर कारखान्याचा वजनकाटा बोट, ट्रेलर मिळून एकूण वजनासाठी उत्तम. पण मोठा काटा पाच-दहा किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवतो, सत्तर किलोंच्या दांडीसाठी तो भरड पडतो. त्यासाठी घरातला माणसं तोलायचा काटा घ्या. ट्रेलर सपाट जागी उभा करा, चाकांना दगड लावा, काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून कपलर बॉलच्या उंचीवर टेकवा आणि आकडा वाचा. टाकी भरलेली आणि सामान चढवलेलं असू द्या, कारण ओढताना ते तसंच असणार. आणि बोटीच्या मागचं बूच काढलंय ना, ते बघा. रात्री पाऊस पडून तळाशी शंभर लिटर पाणी साचलं तर ते शंभर किलो वजन मागेच गोळा होतं, आणि चढावर आणखी मागे धावतं.

ट्रेलर त्या हिचला तयार आहे का?

बोटीचे बरेच ट्रेलर एकदांडी असतात. पुढे एकच चौकोनी पाइप, त्यावरच विंच. स्प्रिंग बारांना मात्र दोन्ही बाजूंनी फाकणारी, इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी चौकट लागते, आणि त्यांची ब्रॅकेटं बॉलपासून साधारण पाऊण मीटरवर येतात. एकदांडीला ती बसवायची तर वेगळे अडाप्टर लागतात किंवा नवी चौकट जोडावी लागते.

त्याहून मोठी अडचण ब्रेकची. पाण्यात उतरणाऱ्या ट्रेलरला विजेवर चालणारे ब्रेक फारसे कोणी लावत नाही, ओव्हररन ब्रेक लावतात: गाडी थांबते, ट्रेलर पुढे ढकलला जातो, कपलर आत सरकतो आणि त्या दाबाने ब्रेक लागतात. वजन विभागणाऱ्या हिचचे ताणलेले बार हे सरकणंच अडवू शकतात. काही संच ओव्हररनशी जुळवून बनवलेले असतात, बरेच नसतात. ब्रेक बनवणाऱ्याने लेखी ‘चालेल’ म्हटलं नसेल तर दोन्ही एकत्र लावू नयेत. कोंडाईबारी उतरताना किंवा कन्नड घाट उतरून चाळीसगावला येताना ट्रेलरचे ब्रेक हवेत की पुढच्या चाकांवरचे चाळीस-पन्नास किलो, असा प्रश्न आला तर मी डोळे झाकून ब्रेक निवडेन.

गाडीच्या बाजूनेही एक पाहणं आहे. गल्लीतल्या वेल्डरने बंपरमागे जोडलेला हुक नुसता भार सहन करतो. वजन विभागणारा हिच त्या हुकाला पिळतो. त्या पिळासाठी बनवलेला, चेसिसला बोल्टने धरलेला रिसीव्हरच, म्हणजे हिच आत बसवायची चौकोनी नळी, लागतो.

आपले रस्ते, आपला काठ

महामार्ग चांगला झाला तरी शेवटचे पाच-दहा किलोमीटर गावातूनच जावं लागतं, आणि तिथे घराघरापुढे गतिरोधक. स्प्रिंग बार खाली लोंबतात, ते घासतात. शिवाय नाला ओलांडताना गाडीची पुढची चाकं चढाला लागलेली आणि ट्रेलर अजून उतारावर, असा कोन झाला की बारांवर भलताच ताण येतो. म्हणून बोट पाण्यात उतरवायला गाडी रिव्हर्स घेण्याआधी बार काढून ठेवावे लागतात. घर्षणाची पट्टी असेल तर तीही आधी काढायची. ताणलेली साखळी नुसत्या हातदांड्याने सोडू नका, दांडा उलटा फटकन येतो आणि मनगट मोडतो. ट्रेलरच्या जॅकने कपलर बॉलसकट वर उचला, ताण उतरू द्या, मग साखळी सैल हाताने निघते. वर येताना हेच उलट्या क्रमाने, चिखलात, ओल्या हातांनी. साध्या हुकाला यातलं काही नाही.

हायवेवर मात्र एक बाजू त्या हिचची आहे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या उगाच नाहीत. त्या पट्ट्यात आडवा वारा बोटीच्या उंच कडेवर आपटतो, त्यातच शेजारून केळीचा ट्रक भर्रकन जातो. मोठी, जड बोट वरचेवर लांब न्यायची असेल तर डोलणं रोखणारा संच तिथे खरोखर जीव शांत ठेवतो. तो बसवलात तर पुढच्या चाकावरच्या मडगार्डची उंची तीनदा मोजा: ट्रेलर न जोडता, नुसता जोडून आणि बार ताणून. जोडल्यावर जेवढी उंची वाढली त्यातली निम्मी किंवा त्याहून थोडी जास्त परत आली पाहिजे. ताणून ताणून पुढचा भाग मूळ उंचीच्याही खाली नेऊ नये.

पैसे आधी कुठे घालावेत

हिच, वाहतूक आणि शुल्क धरून पाच आकडी रक्कम जाते. तेवढी हाताशी असेल तर आधी बेअरिंग, टायर आणि ब्रेक बघा. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत, तापलेल्या डांबरावर चार तास ओढलेल्या ट्रेलरचं हब हात ठेववत नाही इतकं गरम असतं. तसंच थंड पाण्यात बुडवलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस पांढुरकं होतं आणि एक दिवस बेअरिंग जाम. काठावर पोचल्यावर अर्धा तास चहात घालवा, मग ट्रेलर पाण्यात घाला. कोकणच्या खाऱ्या पाण्याइतका गंज आपल्या गोड्या पाण्यात धरत नाही, तरी चेसिस गॅल्व्हनाइज केलेलं बरं.

वर्षातून एकदाच बोट हलवायची असेल तर दोन्ही हिच विसरा. टेम्पो भाड्याने घ्या, सहा माणसं लावा, बोटीखाली गादी किंवा भाताचा पेंढा टाका आणि मोकळे व्हा.

कागदांचं मात्र दोन्ही हिचना सारखंच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलरही मोटार वाहनातच येतो. त्याला स्वतःची नोंदणी आणि विमा लागतो, मग तुमची गाडी एमएच १९ ची असो, १८ ची की ३९ ची. ट्रेलर बनवायला टाकण्याआधीच आरटीओत जाऊन कोणते कागद लागतील ते विचारून घ्या, आणि बनवणाऱ्याकडून ते मिळतील याची खात्री झाल्यावरच ॲडव्हान्स द्या.