‘रोड टच’ प्लॉट: गावरस्त्याला, राज्यमार्गाला की हायवेला?

कोकणात जागेची जाहिरात ‘रोड टच’ या दोन शब्दांशिवाय होत नाही. मे महिन्यात मुंबईहून माणूस येतो, कडेला गाडी लावतो, प्लॉट बघतो आणि टोकन देऊन मोकळा होतो. रस्ता आणि प्लॉट यांच्यामध्ये जे दीड-दोन फुटांचं गटार असतं, त्याकडे मे महिन्यात कोण बघतो? त्यात तेव्हा फक्त पाचोळा असतो. पण ते गटार तुमचं नाही, त्याच्या अलीकडची साईडपट्टीही तुमची नाही, आणि गाडी आत न्यायची तर दोन्हींवरून जावं लागतं. पोचमार्गाची परवानगी लागते ती यासाठी.

ती कुणाकडून घ्यायची हे रस्ता कुणाच्या ताब्यात आहे त्यावर ठरतं. माझं काम अशा अर्जांचे नकाशे काढायचं, त्यामुळे सारख्या भावाचे दोन प्लॉट घेऊन कुणी विचारायला आला की मी आधी रस्त्याचा दर्जा विचारतो. बहुतेकांना तो माहीत नसतो. ‘डांबरी आहे’ एवढंच सांगतात.

ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. अर्ज तालुक्याच्या उपविभागात द्यायचा. सोबत सातबारा, मोजणीची ‘क’ प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा), स्थळदर्शक नकाशा आणि ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला जोडायचा. शाखा अभियंता जागा बघून जातो. कचेरी जवळ, माणसं ओळखीची, त्यामुळे हे काम सर्वांत सोपं. तोटाही त्यातच आहे. ‘टाका हो गटारात दोन नळे, कोण विचारतंय’ असं तोंडी उत्तर मिळतं आणि लोक खरंच टाकतात. पुढे रस्ता रुंद होतो, जेसीबी येतो आणि नळे उचलून बाजूला ठेवतो. तेव्हा हातात कागद नसेल तर बोलायला तोंड राहत नाही. जावक क्रमांक असलेलं पत्र हातात पडेपर्यंत नळ्यांची ऑर्डर देऊ नका.

राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग साधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इथे कागद वाढतात: रस्त्याचा मध्य, साईडपट्टी, गटार आणि तुमचं फाटक यांच्या पातळ्या दाखवणारा आडवा छेद काढून द्यावा लागतो. रस्ता रुंद झाला तर स्वखर्चाने मोरी (गटार ओलांडायचं बांधकाम) काढून घेईन, असं हमीपत्र लिहून द्यावं लागतं. पण खरी कात्री वेगळीच असते. अशा रस्त्यांना इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा, म्हणजे बांधकाम रस्त्यापासून किती लांब ठेवायचं त्या हद्दी, असतात, त्यामुळे घर रस्त्यापासून बरंच मागे सरकतं. पाच गुंठ्यांच्या, रस्त्याला समांतर पसरलेल्या उथळ प्लॉटमध्ये मग घर बसतच नाही. अरुंद तोंडाचा, आत लांब गेलेला प्लॉट दिसायला वाईट, पण इथे तोच उपयोगी.

हायवेचं प्रकरण निराळं. पूर्वीचा 17, आताचा 66 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जागेला लागून गेला म्हणून त्यावर उतरायचा हक्क मिळत नाही. 2002 च्या महामार्ग नियंत्रण कायद्याने तो परवानगीवर ठेवला आहे. वेग कमी करायची आणि वाढवायची वेगळी मार्गिका, वळणाची त्रिज्या, पाण्याची व्यवस्था, सगळं आराखड्यात लागतं. पेट्रोलपंपांच्या मानकात तर पंपाची जमीन रस्त्याच्या साईडपट्टीपेक्षा किमान 300 मिलिमीटर खाली ठेवायला सांगितलंय, आतलं पाणी रस्त्यावर येऊ नये म्हणून. हॉटेल किंवा पंप काढणाऱ्याला हे परवडतं. नुसत्या घरासाठी हायवे टच जागा घेऊन हा खर्च करणं मला तरी पटत नाही. सर्व्हिस रोड आधीच झालेला असेल आणि त्यावरून आत जाता येत असेल, तर गोष्ट वेगळी.

राहायचं घर असेल तर माझं मत ग्रामीण मार्गाच्या बाजूने. दुकान, गोडाऊन असेल तर राज्यमार्ग.

आता गटार ओलांडायचं कशाने? लोक डोळे झाकून ह्यूम पाईप, म्हणजे काँक्रीटचा गोल नळा, टाकतात, कारण तो एका दिवसात बसतो. आमच्या नात्यातल्या एकाने 300 मिलिमीटर व्यासाचा घेतला. स्वस्त, आणि टेंपोतून आला. पहिल्याच जुलैत फणसाचा पाला, एक नारळाची झावळ आणि वरून वाहून आलेली लाल माती तोंडाशी अडकली. पाणी रस्ता ओलांडून समोरच्याच्या भाताच्या तरव्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, शिरलं, रोपं झोपली. त्या समोरच्या गृहस्थांनी तहसीलदारांकडे दावा लावला. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली शेतातल्या पाण्याची अशी तक्रार सहा महिन्यांच्या आत करता येते, हे आमच्या घरात सगळ्यांना तेव्हा कळलं.

तोच पाईप 600 चा असता तर? व्यास दुप्पट झाला की तोंड चौपट होतं, आणि त्याच उतारावर पाणी सहापटीहून जास्त वाहतं. पैसे मात्र सहापट लागत नाहीत. शिवाय 300 च्या पाईपमध्ये माणसाचा हात कोपरापर्यंत जातो, पुढे बांबूच घालावा लागतो.

पण मोठ्या पाईपलाही जागा लागते. त्याच्या डोक्यावर दोनेक फूट भराव हवा, नाहीतर मालाचा ट्रक आला की पाईप तडकतो. गटार खोल असेल तर हे जमतं. उथळ गटारात पाईप घातला की फाटकासमोर उंटाची पाठ तयार होते आणि गाडीचं पोट घासतं. तिथे दोन्ही बाजूंना चिऱ्याच्या भिंती बांधून वर आरसीसी स्लॅब टाकलेला बरा. मधले एक-दोन ढापे उचलता येतील असे ठेवा, म्हणजे आषाढात चिखल काढता येतो. खर्च जास्त, गवंडी आठवडाभर गुंततो, पण आमच्या पावसाला मी स्लॅबच सुचवतो. गटार नुसतं वीतभर खोल असेल तर मोरीही नको. काँक्रीटची बशीसारखी खोलगट फरशी करा, पाणी वरून जाईल आणि गाडीही. शाखा अभियंत्याला हा पर्याय पटवावा लागतो, पण छेद नीट काढलेला असला की पटतो.

नळ्याचा तळ गटाराच्या तळाशीच बसला पाहिजे. चार इंच वर राहिला तरी मागे डबकं साचतं, आणि डासांची तक्रार घेऊन शेजारी पहिल्यांदा तुमच्याकडेच येतो.

टोकन द्यायच्या आधी जमलं तर जुलैत एकदा, धो-धो पाऊस चालू असताना, छत्री घेऊन त्या गटाराशी उभे राहा. पाणी कुठून येतं आणि किती फूट चढतं ते बघा, गटाराच्या कडेच्या चिऱ्यावर खडूने खूण करा. अर्ज ऑक्टोबरात टाकला की मोरी मे महिन्याच्या आत बांधून होते. नकाशा काढताना मी ती खडूची खूण विचारणारच.