डिजिटल पियानो, चौदा वर्षांचा मुलगा आणि हेडफोन: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकते. घरातलं तेरा-चौदाचं पोर नुकतंच वाद्याला चिकटलं असेल, तर वाद्य घेताना त्यात किती आवाज आहेत याची यादी वाचत बसू नका. पट्ट्यांना वजन आहे का आणि हेडफोनची सोय कशी आहे, एवढं आधी बघा.

आमच्याकडे पूर्वी ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड होता. मुलगा गेममधल्या धून ऐकून ऐकून त्यावर काढायचा, तेही उजव्या हाताच्या दोन बोटांनी. पुढे क्लास लागला, डावा हात कामाला लागला आणि खालच्या पट्ट्या कमी पडायला लागल्या. पण खरी अडचण वेगळीच होती. शिक्षक म्हणायचे, "ही ओळ हळुवार घे." आणि त्या कीबोर्डवर पट्टी हळू दाबा नाहीतर आपटा, आवाज तेवढाच! मग ८८ पट्ट्यांचा, उचलून ठेवता येईल असा डिजिटल पियानो घेतला. कंपनी मुद्दाम लिहीत नाही, या वर्गातली बहुतेक मॉडेल्स थोड्याफार फरकाने अशीच असतात.

पट्ट्यांच्या आत छोट्या हातोड्यांची यंत्रणा आहे. खर्जाकडच्या पट्ट्या जड, तारसप्तकाकडे जावं तशा हलक्या. सुरुवातीला करंगळी दुखते म्हणून कुरकुर झाली, ती आपोआप थांबली. पियानोच्या आधीच्या हार्प्सिकॉर्ड या वाद्यात तार छेडली जाते, त्यामुळे जोर लावून आवाजात फारसा फरक पडत नाही. इ.स. १७००च्या सुमारास इटलीतल्या फ्लॉरेन्सला क्रिस्तोफोरी या वाद्य बनवणाऱ्याने तारेवर हातोडी पडेल अशी पियानोची रचना केली, ती हा फरक आणण्यासाठीच. आमच्या घरात तो फरक पहिल्याच संध्याकाळी कळला. तीच जुनी धून मुलगा एकदा दबक्या आवाजात, एकदा दणक्यात, असं वाजवत बसला होता.

आता हेडफोन. या वयाच्या मुलाला चुका करायच्या असतात, पण त्या कोणी ऐकलेल्या चालत नाहीत. पूर्वी मी स्वयंपाकघरातून नुसतं "छान" म्हटलं तरी वाजवणं बंद व्हायचं. कौतुकसुद्धा नको! हेडफोन लावल्यापासून दार लोटलेलं असतं आणि तो एकच अवघड जागा पुन्हा पुन्हा घोळवत बसतो. बाहेर ऐकू येते ती फक्त पट्ट्यांची खटखट. एवढ्या महिन्यांत मला त्या खटखटीवरून चाल ओळखता यायला लागली आहे. कुठे अडकला तेही कळतं. (रात्री उशिरा वाजवणार असेल तर खाली जाड सतरंजी घाला. आवाज हेडफोनात गेला तरी ठोके जमिनीतून खाली जातातच.)

हेडफोन वायरचाच हवा. ब्लूटूथवर बोट आधी पडतं आणि सूर मागून येतो, तालात वाजवणं अशक्य होतं. शिवाय पियानोवर ब्लूटूथ लिहिलेलं असलं तरी बऱ्याचदा ते फोनमधलं गाणं पियानोच्या स्पीकरवर वाजवण्यापुरतंच असतं. आमच्या पियानोला ६.३५ मिलिमीटरची जाड पिन लागते, म्हणून अडॅप्टर आणावा लागला. तो बारीकसा तुकडा सारखा हरवतो. दोन आणून ठेवा.

सोबत आलेलं, पायाने दाबून सूर लांबवायचं पेडल मात्र अगदीच साधं आहे. चपटं, हलकं, फरशीवर सरकत सरकत भिंतीपाशी जाऊन पोचतं. एक दिवस तर ते उलटं चालायला लागलं: पाय ठेवला की सूर तुटायचा, उचलला की लांबायचा. बिघाड वगैरे काही नव्हता. पियानो चालू होताना पेडल दाबलेलं आहे की सुटं, हे तो तपासतो आणि नेमका तेव्हाच याचा पाय पेडलवर होता. बंद करून, पाय बाजूला घेऊन पुन्हा चालू केला की झालं. नंतर खऱ्या पियानोच्या आकाराचं जड पेडल वेगळं घेतलं, ते जागचं हलत नाही.

स्पीकर ठीकठाक. तोंड खाली असल्यामुळे टेबलावर ठेवला की खर्ज घुमतो, स्टँडवर मोकळा वाटतो. इंग्रजी एक्सच्या आकाराचा स्टँड उंच मुलांसाठी घेऊ नका, गुडघे आपटतात. शेकडो आवाजांपैकी पियानो, ऑर्गन आणि स्ट्रिंग्ज सोडून बाकीचे आठवडाभरात विसरले गेले. तयार ताल कधी लावलेला मला आठवत नाही.

पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, बदलायचं बटण मला आधी निव्वळ दिखाऊ वाटलं होतं. पण याच काळात मुलाचा आवाज फुटला. पूर्वी काळी चारमध्ये आरामात गाणारा मुलगा अचानक वरच्या सुरांवर चिरकायला लागला आणि हिरमुसून गाणंच सोडायच्या बेतात होता. बटणाने पट्टी उतरवत उतरवत तो पांढरी दोनपर्यंत आला. बोटं तीच आणि गळ्याला ताण नाही. शिक्षकांना हे बटण आवडत नाही. त्याची सवय लागली तर बाकीच्या पट्ट्या हातात बसणारच नाहीत, असं ते म्हणतात आणि ते खरंच आहे. तरी त्या दिवसांत गाणं टिकलं ते या बटणामुळे, असं माझं मत.

मला सगळ्यात जास्त उपयोगी वाटली ती यूएसबी केबल. कॉम्प्युटरला जोडली की वाजवलेला प्रत्येक सूर पडद्यावर आडव्या पट्टीसारखा उमटतो आणि किती जोरात वाजला त्याचा आकडाही दिसतो, १ ते १२७ मध्ये. यामागची मिडी पद्धत (वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांना सूर कळवतात ती) १९८३ची, अजून धडधाकट आहे. "तुझं चौथं बोट कच्चं आहे" हे शिक्षक सांगून थकले होते. पडद्यावर अनामिकेचे सूर चाळिशीत आणि मधल्या बोटाचे सत्तरीत दिसल्यावर साहेब निमूटपणे त्या बोटाचे व्यायाम करायला लागले. सोप्या जागी आपण पळतो, हेही त्याला स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकून कळलं. मी सांगितलं असतं तर वाद झाला असता.

हल्ली मित्राची गिटार घरी येते. सुरांची जुळणी पट्ट्यांवर डोळ्यांनी बघितलेली असल्यामुळे तारांवर कोणता कॉर्ड कशाचा बनलाय, हे त्याला सांगावं लागत नाही. बोटांची टोकं मात्र सोलवटली आहेत, त्याला पियानोचा काही उपयोग नाही.

सध्या एकच तक्रार: मधल्या सप्तकातली एक पट्टी वर येताना किंचित कुरकुरते. वॉरंटी आहे तोवर दुरुस्तीला देऊन टाकू म्हटलं, तर चिरंजीव म्हणाले, "आई, किती दिवस ठेवून घेतील ते आधी विचार." विचारलं. उत्तर ऐकून त्याने जाहीर केलं की कुरकुर फारशी ऐकू येत नाही.