बंदूक घरी की जमा?

पाटण, जावळी, शिराळ्याकडे डुकरांपासून पीक राखायला परवान्याची बंदूक असते. काम हंगामापुरतं. उरलेले महिने ती घरी ठेवायची, की परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची?

घरी ठेवली तर रात्री लगेच हाताशी येते, हा एकच मोठा फायदा. पण त्यासाठी भिंतीत बोल्टने आवळलेलं लोखंडी कपाट हवं. काडतुसं वेगळ्या कुलपात, वेगळ्या किल्लीने. किल्ली देव्हाऱ्यामागे नको, ती जागा घरातल्या पोरांना आधी सापडते! दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, बिजागरीवर उघडून दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून पाहिल्या की रिकामी आहे का ते कळतं. ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक, फसवी. ठिणगी देणारी टोपी काढली तरी आत दारू-छर्ऱ्यांचा बार राहू शकतो. म्हणून नळी नक्की रिकामी असताना ठासायचा गज आत तळापर्यंत सोडून, नळीच्या तोंडाशी येईल तिथे गजावर खूण करून ठेवा. पुढे गज सोडल्यावर खूण नळीबाहेर राहिली, तर आत काहीतरी आहे.

पाटणच्या पावसात चामडी म्यान ओल धरतं आणि नळी गंजते. तेलाचा हलका हात फिरवा, म्यानाबाहेर ठेवा.

जमा केली तर पोरांची, चोरीची धास्ती मिटते. भाडं मात्र पडतं आणि ऐन वेळी बंदूक हाती नसते. पावतीवर बंदुकीचा क्रमांक परवान्याशी ताडून घ्या, दस्त्याची चीर, गंजाचे डागही लिहून घ्या. नाहीतर परत घेताना वाद ठरलेला. निवडणुकीत जमा करण्याचा आदेश आला, तर निवड उरतच नाही.

घरात लहान मूल किंवा दारूचं व्यसन असेल तर आम्ही जमाच करायला सांगू.