महागडी लिपस्टिक तळाला लागेपर्यंत वापरल्यावर

ट्यूब पूर्ण वर फिरवूनही बुलेट, म्हणजे लिपस्टिकचा घट्ट रंगाचा दांडा, कपाच्या काठाबाहेर येईनाशी झाली, की दुकानाच्या हिशेबाने लिपस्टिक संपली. माझी नुकतीच अशी ‘संपली’. आत रंग मात्र भरपूर शिल्लक होता. बुलेट ज्या कपात रोवलेली असते तो दिसतो त्याहून खोल असतो. त्यातला माल कोरून सोनं तोलायच्या छोट्या डिजिटल काट्यावर ठेवला तर ०.८ ग्रॅम भरला. नवीन लिपस्टिकचं वजन ३.५ ग्रॅम आणि किंमत चार हजारांच्या घरात. म्हणजे ग्रॅमला साधारण ११४० रुपये पडले आणि नऊशे रुपयांचा रंग कपात अडकून राहिला. चारशेच्या लिपस्टिकमध्येही कप असाच असतो, पण तिथे तळाशी राहतात नव्वद रुपये. चार हजार मोजणाऱ्या बाईने हा फरक आधी लक्षात घ्यावा, शेड नंतर बघावी.

ही लिपस्टिक पॅरिसच्या एका फॅशन घराण्याची आहे. सॅटिन फिनिश (ओठांवर मऊ, हलकी चमक), रिफिल होणारी, धातूची जड केस, टक्कन बसणारं चुंबकाचं झाकण. शेड डाळिंबी, जराशी विटकरीकडे झुकणारी. या किमतीच्या चार-पाच लिपस्टिक जवळपास अशाच बांधणीच्या असल्यामुळे पुढचं बहुतेक सगळं त्यांनाही लागू पडेल.

रिफिल होते म्हणून ही घेतली होती. एकदा केस घ्यायची, पुढे फक्त आतली कांडी बदलायची, हे गणित पटण्यासारखंच आहे. पण मॉलमधल्या काउंटरवर रिफिल मागितलं तर उत्तर मिळालं, “या शेडचं रिफिल येत नाही मॅम, पूर्ण ट्यूब घ्या.” केसवर रिफिलचं चिन्ह आहे, आत खटका दाबून निघणारी कांडी आहे, आणि ती विकणारं कोणी नाही. मग त्या जड केसचे पैसे आपण कशाला भरायचे? याचा मला मनापासून राग आहे. घेण्याआधी काउंटरवर दोन गोष्टी विचाराच: नेमक्या याच शेडचं रिफिल आत्ता दुकानात आहे का, आणि त्याची छापील किंमत काय. काउंटरवरची व्यक्ती गडबडली किंवा ‘येईल’ म्हणाली, तर ती लिपस्टिक रिफिलची नाही असं धरून चाला आणि तेवढ्याच पैशांत बिनरिफिलच्या हलक्या ट्यूबमध्ये जास्त चांगला रंग मिळतो का ते बघा.

आता तळाचा रंग काढायचा कसा, ते सांगते. ट्यूब झाकण न लावता अर्धा तास फ्रिजमध्ये उभी ठेवायची. फ्रीझरमध्ये नको, बाहेर काढल्यावर फार पाणी धरतं. गार झालेलं मेण कपाच्या भिंतीपासून सुटतं. मग चपट्या टोकाची धातूची क्यूटिकल पुशर (नखांच्या कडेची कातडी मागे सारायची पट्टी) किंवा छोटा स्पॅच्युला स्पिरिटने पुसून, पूर्ण वाळवून, कपाच्या कडेने गोल फिरवायचा. सरळ खाली खुपसला तर रंगाचा चुरा होतो, कडेने फिरवला तर गोळा सबंध निघतो. तो ५ ग्रॅमच्या रिकाम्या डबीत टाकायचा (क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांत अशा डब्या मिळतात) आणि स्पॅच्युलानेच दाबून बसवायचा. बऱ्याच जणी तो वाटीत घेऊन गरम पाण्यावर वितळवतात. तसं शक्यतो करू नका. मेण पातळ झालं की जड रंगद्रव्यं खाली बसायला लागतात, गार होताना वर तेलकट आणि खाली दाट असे थर येतात, आणि ज्या सॅटिन पोतासाठी पैसे मोजले तोच जातो. दाबून बसवलेला रंग दिसायला ओबडधोबड असतो, पण ओठांवर पहिल्यासारखाच चालतो. लावायला लिप ब्रश लागेल, आणि ब्रशने रंग कमी लागतो हा वरचा फायदा.

एका वेळी ओठांवर जेमतेम दहा मिलिग्रॅम लिपस्टिक जाते. कपातला माल टाकून दिला तर २.७ ग्रॅममध्ये २७० वेळा लावून होते, म्हणजे एका वेळेचे पंधरा रुपये. तळही वापरला तर ३५० वेळा, म्हणजे साडेअकरा. रोज सकाळी ऑफिसला निघताना एकदा आणि जेवणानंतर एकदा लावणाऱ्या बाईला हा फरक लहान नाही.

आता मुद्द्याचं: ओठांवर ही कशी वागते?

सुरुवातीला माझं मत वाईट होतं. सकाळी आठला लावलेला रंग बाराच्या चहात कपाला लागायचा, डब्यातली भाजी खाल्ली की निम्मा जायचा. एवढ्या पैशांत हे? पण महिने जाता जाता मत फिरलं. किती वेळ टिकते यापेक्षा कशी उतरते ते बघायला लागल्यावर फरक कळला. पातळ (लिक्विड) मॅट, म्हणजे बिनचमकीच्या लिपस्टिकमध्ये बहुधा आयसोडोडेकेन हा उडून जाणारा द्रव असतो. तो उडाला की सिलिकॉन रेझिनचा पापुद्रा ओठांवर राहतो. हा पापुद्रा पाण्याला दाद देत नाही, चहा त्याचं काही बिघडवत नाही, पण तेलापुढे हरतो. मिसळीची तर्री, वडापाव, चकलीसुद्धा पुरते. मग आतल्या ओल्या भागाचा रंग निघतो, बाहेरची कड तशीच राहते आणि ओठांभोवती कडं उरतं. त्यावर पुन्हा लावलं की थर साचतो आणि फुटतो. ही सॅटिन लिपस्टिक तसं करत नाही. कडेपासून मधपर्यंत सगळीकडे सारखी फिकट होत जाते, आणि दोन तासांनी वरून हात फिरवला तर खालच्या रंगात मिसळून जाते. आरसा नसताना, दादरच्या गर्दीत लेडीज डब्याच्या दाराशी उभं राहूनही नीट लागते. माझ्या लेखी चार हजारांतले निम्मे या एका गुणाचे.

टिकाऊपणा वाढवायचा असेल तर लिप बाम दहा मिनिटं आधी लावून पूर्ण टिपून घ्या. बाम राहिला की त्याचं तेल लिपस्टिक सैल करतं. शेडच्या जवळचा लायनर फक्त कडेला न फिरवता सबंध ओठांवर हलका भरा. मग एक पातळ हात, टिश्यूने दाबून टिपणं, आणि वर दुसरा पातळ हात. एकच जाड हात कायम आधी उतरतो.

मुंबईच्या हवेत दुसराच प्रश्न येतो. मे महिन्यात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये पर्समधल्या बुलेटवर बारीक थेंब दिसतात. बऱ्याच जणींना वाटतं आत पाणी गेलं, माल खराब झाला. ते पाणी नसतं, तेल असतं. लिपस्टिकच्या तेलात मोठा वाटा बहुतेक वेळा एरंडेलाचा (जगातलं सर्वाधिक एरंडेल भारतात, त्यातही गुजरातेत होतं), आणि ते मेणाच्या जाळीत धरून ठेवलेलं असतं. सारखं गार-गरम झालं की जाळीतून तेल पाझरतं. एसी ऑफिस, बाहेरचा उकाडा, पुन्हा एसी गाडी, असा दिवस असला की हे होणारच. थेंब टिश्यूने अलगद टिपायचे, बुलेट घासायची नाही. मात्र खवट वास आला किंवा रंगाचे डाग दिसले तर ती टाकून द्या, किंमत कितीही असो. उन्हात उभ्या गाडीत तर लिपस्टिक ठेवूच नका. लिपस्टिकमधलं कारनौबा हे झाडापासून मिळणारं मेण ऐंशी अंशांच्या पुढे वितळतं, पण मधमाशीचं मेण बासष्ट-पासष्टला, आणि बुलेट मऊ पडायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात होते.

मऊ पडलेली बुलेट पूर्ण वर काढून जोर दिला की कपाच्या तोंडाशी मोडते. नेहमी फक्त अर्धा सेंटिमीटर वर काढून लावा. मोडलीच तर तुकडा चिमट्याने उचला, कपातल्या टोकाला आणि तुकड्याच्या बुडाला काडीची ज्योत लांबून दोन-तीन सेकंद दाखवा. पृष्ठभाग चकाकला की लगेच दाबून बसवा, टूथपिकने सांधा गुळगुळीत करा आणि झाकण न लावता अर्धा तास फ्रिजमध्ये उभी ठेवा. सांधा टिकतो. ज्योत जवळ नेली तर रंग करपतो आणि सुगंध जातो.

शेड निवडताना मनगटावर ओढलेली रेघ फसवते. बोटाच्या पेराची आतली बाजू ओठांच्या रंगाला जास्त जवळची, तिथे लावा, आणि काउंटरचे पिवळे दिवे सोडून मॉलच्या काचेच्या दाराजवळ उजेडात या. टेस्टर थेट ओठांना लावू नका. एकदाच वापरायचा अॅप्लिकेटर मागा आणि टेस्टरचा वरचा थर खरवडून स्पिरिट मारायला सांगा, सांगितलं की करतात. गव्हाळ किंवा सावळा रंग आणि वरचा ओठ गडद असेल तर फिकट न्यूड शेड राखाडी दिसतात. कारण त्यांत टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य (घटकांच्या यादीत त्याचा रंग-क्रमांक सीआय ७७८९१) जास्त असतं. पण घटकांच्या यादीवरून ते किती आहे हे कळत नाही. रंगद्रव्यं यादीच्या शेवटी कुठल्याही क्रमाने लिहिलेली चालतात. बोटावर पातळ पसरून बघा, पांढुरकी झाक आली तर सोडून द्या. विटकरी, डाळिंबी, जांभळट अशा शेड आपल्याकडे बहुतेकींना शोभतात. शाकाहारी असाल तर यादीत सीआय ७५४७० आहे का ते बघा आणि असेल तर ती टाळा, ते किड्यापासून मिळणारं कारमाइन आहे.

स्वस्तात ‘ओरिजिनल’ म्हणून मिळणारी घेऊ नका. आयात केलेल्या ट्यूबच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक आणि रुपयांतली कमाल किंमत असलेलं लेबल हवं. खोक्यावरचा आणि ट्यूबच्या बुडाचा बॅच कोड एकच हवा. यातलं काही नसेल तर भाव विचारायचीही गरज नाही.

पुन्हा घेईन का? हीच लिपस्टिक, याच शेडमध्ये, पण रिफिल हातात मिळालं तरच. तोपर्यंत डबीतला ०.८ ग्रॅम रोज एकदा लावला तरी अडीच महिने पुरतो.